काचेच्या पेटीतलं विरजण

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा परिसरातल्या उच्चदाब वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई असा मोठा पट्टा एकदम बंद पडला. लोकल रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या, मुलांचे ऑनलाइन वर्ग अर्धवट तुटले. आमच्या ठाण्याच्या घरात मात्र सगळ्यात आधी कळलं ते एका आवाजाचं थांबणं. बैठकीतल्या तीन फुटी टाकीच्या फिल्टरची घरघर चोवीस तास चालू असते, त्यामुळे ती कुणाला ऐकूच येत नाही. बंद पडली की घर भकास वाटतं.

त्या दिवशी घरात दोन टाक्या होत्या. बैठकीतल्या मोठ्या टाकीला डबाबंद कॅनिस्टर फिल्टर होता, दिसायला देखणा आणि किमतीला भारी. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या दोन फुटी टाकीत हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज होता, काही शे रुपयांचा. दुपार उलटल्यावर वीज आली. स्पंज निमूटपणे बुडबुडे सोडू लागला. कॅनिस्टरने पहिल्या झटक्यात टाकीत जे पाणी फेकलं, त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. संध्याकाळपर्यंत मोठ्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. निम्मं पाणी बदलून ते वाचवले. पण महागडं यंत्र का घसरलं आणि स्वस्तातला स्पंज का टिकला, हा प्रश्न डोक्यात राहिला. त्याच्या उत्तरात मत्स्यपेटीचा जवळजवळ सगळा चमत्कार दडलेला आहे.

फिल्टर म्हटलं की आपल्याला चहाची गाळणी आठवते. पाण्यातला कचरा अडवायचा, पाणी स्वच्छ दिसलं की काम झालं. पण मासे गढूळपणाने सहसा मरत नाहीत. त्यांना मारतं ते काचेसारखं नितळ दिसणारं पाणी. मासा खातो, पचवतो आणि प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. मत्स्यशेतीतला ढोबळ हिशेब असा, की एक ग्रॅम खाद्यामागे सुमारे ३० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. दोन फुटी टाकीत खडी वगैरे धरून प्रत्यक्षात ४५ लिटर पाणी मावतं. रोज एक ग्रॅम खाद्य टाकलं तर दिवसाला लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या वर अमोनिया जमतो. आठवडाभरात तो ४ मिलिग्रॅमच्या पुढे जातो आणि एवढ्यात मासे धोक्यात येतात. नदीत, तळ्यात हे घडत नाही, कारण तिथे एका माशाच्या वाट्याला हजारो लिटर पाणी येतं. काचेच्या पेटीत मासा स्वतःच्याच मोरीत राहतो.

हा अमोनिया गाळता येत नाही, तो खाऊनच संपवावा लागतो. ते खाणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत.

इथे एका बापलेकांची गोष्ट सांगायला हवी. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनतज्ज्ञ. १८५० मध्ये त्याने आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलताही मासे महिनोन्‌महिने जगतात. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाई कुजलेली पानं खातात, असा त्याचा तर्क होता. तर्क बरोबर होता, पण अर्धाच. तीन वर्षांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. वॉरिंग्टनचा मुलगा, त्याचंही नाव रॉबर्टच, शेतीरसायनशास्त्राकडे वळला. रॉथॅमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर जमिनीतल्या अमोनियाचं नायट्रेट कसं होतं, हे त्याने वर्षानुवर्षं तपासलं. हे काम सूक्ष्मजीव करतात आणि ते दोन टप्प्यांत होतं, हे त्याच्या प्रयोगांतून पुढे आलं. बापाच्या काचेच्या भांड्यातलं उरलेलं अर्धं उत्तर लेकाच्या शेतात होतं. बापाला ते कळलं नाही आणि लेकानेही ते भांड्याशी जोडून पाहिलं की नाही, कोण जाणे.

हे जीव वेगळे काढण्याचा मान मिळाला सर्गेई विनोग्रादस्की याला, १८९० च्या सुमारास, झुरिकमध्ये. बाकीचे शास्त्रज्ञ जिलेटिनच्या पौष्टिक थरावर जंतू वाढवत होते आणि हेच जंतू नेमके तिथे उगवत नव्हते. विनोग्रादस्कीने त्यांचं खाणंच काढून घेतलं. सेंद्रिय अन्नाचा कण नसलेला, सिलिकाचा थर त्याने वापरला. अमोनिया, थोडे क्षार आणि हवा एवढ्यावर हे जीव वाढले. अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. उन्हाशिवाय चालणारी ही शेतीच म्हणायची.

एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच. ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त तपकिरी होतं आणि भरपूर हवेच्या पाण्यातही मासा गुदमरतो. जुने शौकीन अशा वेळी टाकीत चिमूटभर खडेमीठ टाकतात. ते उगाच नाही. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दाराशी नायट्राइटची वाट अडवतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे बरंच सौम्य आहे आणि पाणी बदलून किंवा झाडांना खाऊ घालून काढता येतं.

शंभर वर्षं सगळ्यांना वाटत होतं की ही गोष्ट इथे संपली. ती संपली नव्हती. २००५ मध्ये अमोनिया खाणारा एक अगदी निराळा जीव, जीवाणूही नव्हे तर आर्किया या प्राचीन कुळातला, प्रथमच वेगळा वाढवता आला. तो सापडला सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या एका टाकीत. पुढे घरगुती गोड्या पाण्याच्या फिल्टरांतही त्याचे भाऊबंद मोठ्या संख्येने निघाले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारा जीवाणू जाहीर झाला. त्याच्या दोन नमुन्यांपैकी एक मत्स्यपालनाच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतून आलेला होता. ज्या चिकट तपकिरी थराला आपण घाण समजून नळाखाली खसाखसा धुतो, त्यात विज्ञानाला अजून नवं सापडतं आहे.

मीही धुतला होता. पहिल्याच वर्षी, आईच्या हातची सफाई अंगात भिनलेली असल्यामुळे, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईतो पिळला. चौथ्या दिवशी सहा मासे गेले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात तो लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा लागतो. आपल्याला तो तारतो. फिल्टरमधल्या वसाहतीला आणि माशांच्या कल्ल्यांना तोच मारतो. आता मी पाणी बदलताना टाकीतलंच जुनं पाणी बादलीत घेतो आणि स्पंज त्यात दोनतीनदा दाबून परत लावतो. तो धुतल्यावरही मळकट दिसला पाहिजे.

म्हणून फिल्टर विकत घेताना आपण खरं तर या जीवांसाठी घर घेत असतो. त्यांना तीन गोष्टी लागतात: चिकटून बसायला भरपूर पृष्ठभाग, अंगावरून सतत वाहणारं पाणी आणि त्या पाण्यात प्राणवायू. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला जवळजवळ साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. आपल्याकडची अडचण इथेच सुरू होते. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात ठाणे-कल्याणच्या घरांत टाकीचं पाणी सहज तिशी गाठतं. हीटर लागत नाही आणि जीवाणूही उबेत लवकर वाढतात, हा फायदा. पण प्राणवायूची शिल्लक कमी असते, आणि वीज गेली की ती भराभर संपते.

कॅनिस्टरचं गणित आता उलगडतं. तो बंद डबा. आत हजारो छिद्रांच्या सिरॅमिक रिंगा, त्यावर गच्च वसाहत. पाणी वाहत असेपर्यंत त्याच्यासारखा कामसू फिल्टर नाही. प्रवाह थांबला की डब्यातला प्राणवायू थोड्या वेळात संपतो, वसाहत गुदमरू लागते, साठलेला गाळ कुजतो आणि वीज येताच तो सगळा ऐवज टाकीत येतो. स्पंज मात्र टाकीच्या उघड्या पाण्यातच उभा असतो. त्याच्याभोवती निदान टाकीभर पाण्याचा प्राणवायू असतो. शिवाय त्याला चालवायला फक्त हवा लागते. गळाने मासेमारी करणारे वापरतात तसला बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप किंवा पॉवर बँकेवर चालणारा पंप त्याच नळीला जोडला की काम भागतं. कॅनिस्टर असेलच, तर मोठ्या खंडानंतर डबा उघडून आतलं पाणी मोरीत ओतायचं, रिंगा टाकीच्या पाण्यात हलक्या विसळायच्या आणि मगच बटण दाबायचं. मला हे त्या सोमवारनंतर कळलं.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो मोटरचा. “काका, हजार लिटरची घ्या, पाणी एकदम क्रिस्टल राहील.” खोक्यावरचा तासाला अमुक लिटर हा आकडा बहुधा रिकाम्या मोटरचा असतो. स्पंज भरला, पाणी वर चढवावं लागलं, दोन महिन्यांचा गाळ बसला, की तो बराच खाली येतो. टाकीचं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरलं की पुरे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ४५ लिटरच्या टाकीला तासाला दोन-अडीचशे लिटर झाले. फायटर मासा असेल तर त्याहूनही कमी, कारण त्याचे झालरीसारखे पर प्रवाहात फाटतात आणि तो दमून कोपऱ्यात बसतो. फायटर आणि गोरामी वर येऊन हवेतला प्राणवायूही घेऊ शकतात, म्हणून त्यांना हवेच्या नळीची निकड कमी. पण अमोनिया त्यांनाही सोडत नाही. दुकानात वीतभर बरणीत फायटर ठेवलेला दिसतो. त्यावरून त्याला फिल्टर लागत नाही, असा निष्कर्ष काढू नये.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पाण्यात बुडवायची इंटर्नल मोटर स्वस्त आणि सोपी. तिचा स्पंज छोटा असतो आणि वायरची आवरणं जुनी झाली की विजेचा धोका राहतो. घरात अर्थिंग नीट आहे ना, ते पाहावं आणि बटण बंद केल्याशिवाय हात पाण्यात घालू नये. काचेच्या काठावर टांगायचा हँग-ऑन चांगला. मात्र वीज गेल्यावर त्याच्या नळीतली पाण्याची धार तुटते आणि वीज आल्यावर काही मोटरी कोरड्याच फिरत बसतात. घरी कुणी नसेल तर मोटर जळते. वर बसवायचा टॉप फिल्टर फ्लॉवरहॉर्नसारख्या दणकट, खादाड माशाला उत्तम, कारण झाकण उघडून साफ करणं सोपं आणि पाणी वरून पडताना हवा मिसळते. खडीखाली प्लास्टिकची जाळी घालून चालणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर एकेकाळी घरोघरी होता. सगळी खडीच जीवाणूंचं घर होते, ही त्यामागची खरोखर सुंदर कल्पना. दोन वर्षांनी जाळीखाली जो चिखल साठतो, तो काढायला मात्र सगळी टाकी उपसावी लागते. अरोवाना पाळणाऱ्यांनी चार-पाच फुटी टाकीला कॅनिस्टर किंवा खाली वेगळी टाकी ठेवून सम्प करावा. वास्तूसाठी म्हणून दोन फुटी पेटीत अरोवाना ठेवणाऱ्यांना कुठलाच फिल्टर वाचवू शकत नाही.

‘सकर’ मासा टाकी साफ करतो, ही समजूतही सोडून द्यावी. तो काचेवरचं थोडं शेवाळ खातो आणि त्याच्या कितीतरी पट विष्ठा करतो. वाढून फूट-दीड फूट होतो. मग लोक त्याला दया म्हणून तळ्यात सोडतात आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. मासुंदा असो, उपवन असो की कल्याणचा काळा तलाव, टाकीतला मासा तिथे सोडू नये.

विजेच्या बिलाची भीती अनेकांना असते, म्हणून काही घरांत रात्री मोटर बंद करतात. पाच वॉटचा हवेचा पंप महिनाभर अहोरात्र चालला तर साडेतीन युनिटं होतात, पंधरा वॉटच्या मोटरला अकरा. यात बचत करण्यासारखं काही नाही. गणपतीला गावी जाताना मेन स्विच पाडून जाणाऱ्यांचं दुःख जास्त मोठं. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. फिल्टरची वसाहत आठवडाभर बंद राहू शकत नाही. खाद्य टाकायला शेजाऱ्यांना किल्ली देऊ नका, ते मायेने मूठभर टाकतात. फक्त टाकीचं बटण चालू ठेवून जा.

हवेच्या पंपाच्या दोन खोडी आपल्या भागात विशेष नडतात. तो टाकीच्या पातळीखाली ठेवला आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं उतरून पंपात शिरतं. तो टाकीपेक्षा उंच टांगावा किंवा नळीत छोटा चेक व्हॉल्व्ह घालावा. दुसरं, तो खोलीतली हवा जशीच्या तशी पाण्यात ढकलतो. पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणीची गाडी खाली आली, सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं किंवा दिवाळीआधी रंगकाम निघालं, की ती हवाही जाते. डासांवरच्या औषधांतली पायरेथ्रॉइड कुळातली रसायनं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना अत्यंत विषारी असतात. धुराचा आवाज ऐकू आला की खिडक्या लावायच्या, टाकीवर ओलं फडकं टाकायचं आणि पंप तेवढा वेळ बंद. गंमत म्हणजे त्याच डासांच्या अळ्या खायला पालिका विहिरींत आणि डबक्यांत गप्पी मासे सोडतात, आणि ते बिचारे कुठल्याही फिल्टरशिवाय तिथे संसार थाटतात.

पाण्याबद्दल थोडं. कल्याण-डोंबिवलीचं पाणी उल्हास नदीचं. राजमाची-खंडाळ्याच्या कुशीत उगम पावणाऱ्या या नदीत उन्हाळ्यातही पाणी राहतं, कारण वर बारवी धरण आहे आणि आंध्रा तलावाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातली चक्रं फिरवून तिच्यात उतरतं. ठाण्याला भातसा आणि उल्हास दोन्हींचं पाणी येतं. काळ्या कातळावरच्या पावसाचं हे पाणी बरंच मृदू. गप्पी-टेट्रांपासून एंजलपर्यंत बहुतेकांना ते मानवतं. पण फिल्टरमधले जीवाणू अमोनिया जाळताना पाण्यातली क्षारताही संपवतात आणि मृदू पाण्यात ती मुळातच थोडी. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू गुपचूप घसरत जातो. सामू ७ असताना अमोनियाचा जेमतेम अर्धा-एक टक्का भाग विषारी रूपात असतो, ८ असताना पाच-सहा टक्के. आम्ल झालेल्या जुन्या टाकीत साठलेला अमोनिया म्हणून झोपून असतो. आणि मग पाण्याचा शटडाऊन येतो, सोसायटी टँकर मागवते, त्यात बोअरचं जड पाणी असतं, आपण उत्साहाने निम्मी टाकी बदलतो आणि सामू चढताच झोपलेलं विष जागं होतं. आठवड्याला पाव टाकी पाणी, चोवीस तास बादलीत उघडं ठेवून, हे जमलं तर फिल्टरवरचं निम्मं ओझं उतरतं. घाई असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट. फोटो धुण्याच्या काळात हेच ‘हायपो’ म्हणून स्टुडिओतून मिळायचं आणि जुने शौकीन त्याचे खडे कागदात बांधून आणायचे.

नायट्रेटसाठी मी कुठलंही यंत्र घेतलं नाही. गॅलरीतल्या मनी प्लांटची एक फांदी मुळांसकट टाकीच्या कडेला अडकवली, पानं बाहेर, मुळं पाण्यात. दोन महिन्यांत पानं तळव्याएवढी झाली. मोहन्याजवळ उल्हासच्या पात्रावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तोही असल्याच खुराकावर. टाकीत जे आपण मुद्दाम करतो, ते नदीत आपल्या सांडपाण्यामुळे होतं.

नव्या टाकीला सगळ्यात जास्त लागतो तो वेळ. दुधातले जंतू तासातासाला दुपटीने वाढतात. हे नायट्रोजनवाले आळशी, एकाचे दोन व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात. त्यामुळे कोरा फिल्टर कामाला लागायला चार ते सहा आठवडे जातात. दुकानातून टाकी, मोटर आणि बारा मासे एकाच रविवारी घरी आणले, तर ते मासे पुढच्या दोन रविवारांच्या आत जातात, आणि लोक दुकानदाराच्या माशांना नावं ठेवतात.

त्यावर उपाय आपल्या आज्या जाणत होत्या. कोऱ्या दुधाला कालचं चमचाभर दही लावतात, तसं नव्या टाकीला जुन्या टाकीचा स्पंज लावायचा. डोंबिवलीच्या माझ्या आतेभावाची टाकी आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी ओट्याजवळच्या टाकीची काच तडकली आणि मला सगळं नव्याने मांडावं लागलं, तेव्हा त्याने आपल्या स्पंजाचा एक मळका तुकडा कापला, त्याच टाकीच्या पाण्यासह स्टीलच्या डब्यात घातला आणि झाकण सैल ठेवायला बजावलं, आतल्या मंडळींना हवा लागते म्हणून. रविवारच्या दुपारच्या लोकलने तो डबा मांडीवर धरून मी ठाण्याला आणला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “काय हो, श्रीखंड वाटतं?” मी म्हणालो, “विरजण आहे.” त्यांनी समाधानाने मान डोलावली. घरी आल्यावर तुकडा नव्या स्पंजाला दोऱ्याने बांधला, पंप सुरू केला, दोन गप्पी सोडले आणि रोज चिमटीपेक्षाही कमी खाद्य टाकत राहिलो. दहाव्या दिवशी चाचणीच्या नळीतलं पाणी अमोनियाच्या हिरव्यावरून पिवळ्यावर आलं.